धनशक्ती बाजरी: निवासी शाळेतली भाकरी आणि मुलांच्या रक्तातलं लोह

बाजरी खाल्ली की रक्त वाढतं, असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. तक्ते पाहिले तर त्यात तथ्यही दिसतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या अन्नघटक तक्त्यांनुसार 100 ग्रॅम बाजरीत साधारण 6.4 मिलिग्रॅम लोह असतं. गव्हाच्या पिठात ते 4.1, ज्वारीत चारच्या आत आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम 0.65 मिलिग्रॅम असतं. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. या महाराष्ट्रात रोज बाजरीची भाकरी खाणारे तालुकेही आलेच.

म्हणजे तक्त्यातलं लोह आणि रक्तातलं लोह यांच्यामध्ये बरंच काही घडतं. ते नेमकं काय, हे समजून घ्यायला महाराष्ट्रातलंच एक प्रकरण फार उपयोगी आहे. निवासी शाळांतल्या मुलामुलींना सहा महिने धनशक्ती या वाणाची भाकरी खाऊ घालून केलेली ही चाचणी आहे. अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ आणि मुंबईचं एसएनडीटी महिला विद्यापीठ यांचे संशोधक तिच्यात होते आणि तिचे निकाल 2015 मध्ये प्रसिद्ध झाले.

वाण कुठून आला

धनशक्तीची आई म्हणजे आयसीटीपी 8203. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या एका स्थानिक बाजरीतून इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने निवडलेला हा वाण 1988 मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाला. दाणा ठोकळ, करड्या रंगाचा आणि चकचकीत. शेतकऱ्याला आवडला तो लवकर येतो आणि दाणा भरतो म्हणून. त्यात लोह जास्त आहे, हे कितीतरी वर्षांनी लक्षात आलं. मग त्याच वाणातली जास्त लोहाची झाडं वेचून त्यांच्या संततीतून नवा वाण बांधला गेला. इक्रिसॅट आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी 2012 मध्ये तो ‘धनशक्ती’ नावाने महाराष्ट्रात आणला. किलोमागे साधारण 71 मिलिग्रॅम लोह, 40 मिलिग्रॅम जस्त, हेक्टरी 22 क्विंटलच्या आसपास उतारा आणि अडीच महिन्यांत काढणी. भारतात अधिकृतपणे प्रसारित झालेलं हे पहिलं जैवसंपृक्त पीक, म्हणजे पैदाशीतूनच पोषकद्रव्य वाढवलेलं पीक.

यात बाहेरचा जनुक घातलेला नाही की पिठात लोहाची भुकटी मिसळलेली नाही. बाजरीच्या जातीजातींत लोहाचा फरक मुळातच मोठा असतो, त्याचाच फायदा निवडीने करून घेतला आहे. हा फरक ध्यानात न घेता ‘बाजरीत इतकं लोह’ असं सरसकट सांगणं म्हणजे ‘आंब्यात इतकी साखर’ म्हणण्यासारखं आहे. रायवळ की हापूस, हे विचारायलाच हवं.

चाचणी कशी होती

12 ते 16 वयाची 246 मुलंमुली निवडून चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटली. एका गटाला धनशक्तीची भाकरी, दुसऱ्याला बाजारात चालणाऱ्या एका नेहमीच्या संकरित बाजरीची. दिवसातून दोन वेळा, सहा महिने. चाचणीसाठी वापरलेल्या धनशक्तीत किलोमागे 86 मिलिग्रॅमच्या आसपास लोह निघालं, तर नेहमीच्या बाजरीत 21 ते 52.

ही रचना नीट पाहण्यासारखी आहे. इथे बाजरी विरुद्ध गहू किंवा बाजरी विरुद्ध भात अशी तुलना नव्हती. दोन्ही ताटांत बाजरीचीच भाकरी होती, म्हणून जो फरक दिसला तो बियाण्याचा. निवासी शाळा निवडण्याचंही कारण उघड आहे. एकच स्वयंपाकघर, एकाच वेळी पंगत, कोणी किती खाल्लं ते मोजता येतं. घरोघरी अशी चाचणी घेतली असती तर पाहुण्याने एक भाकरी खाल्ली आणि मुलाने चुलतभावाकडे पोळी खाल्ली, याचा पत्ताच लागला नसता.

सुरुवातीला 41 टक्के मुलांच्या शरीरात लोहाचा साठा कमी होता (लोह साठवणारं प्रथिन फेरिटिन, रक्तात 15 मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या खाली) आणि 28 टक्के मुलांचं हिमोग्लोबिन 12 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली होतं. या दोन आकड्यांतला फरक महत्त्वाचा आहे. साठा आधी रिकामा होतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. शाळेच्या तपासणीत फक्त हिमोग्लोबिन पाहिलं तर कोठार रिकामं झालेली बरीच मुलं ‘ठीक’ म्हणून निसटतात.

काय बदललं

चार महिन्यांनी धनशक्ती गटाच्या फेरिटिनमध्ये आणि शरीरातल्या एकूण लोहात दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढ दिसली. संख्याशास्त्राच्या निकषावर ही वाढ काठावर उत्तीर्ण होणारी होती आणि ते तसंच सांगायला हवं. ठळक फरक दिसला तो मुळात साठा कमी असलेल्या मुलांत. सहा महिन्यांनंतर कमतरतेतून बाहेर येण्याची शक्यता त्यांच्यात दुसऱ्या गटातल्या तशाच मुलांपेक्षा 1.64 पट होती. ज्यांचा साठा आधीच पुरेसा होता, त्यांच्यात विशेष काही घडलं नाही, आणि तसंच व्हायला हवं. लोह पुरेसं असलं की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं आणि आतडं लोह आत घेणं कमी करतं. अन्नातून मिळणाऱ्या लोहाचा हा मोठा गुण आहे. गरज असलेल्याला ते जास्त मिळतं, नसलेल्याला कमी.

हिमोग्लोबिनमध्ये मात्र दोन गटांत तसा ठळक फरक दिसला नाही. सहा महिन्यांत कोठार भरायला सुरुवात झाली. शिवाय रक्तक्षय नेहमी लोहाच्याच कमतरतेचा नसतो. ब-12 कमी असणं, फोलेट कमी असणं, पोटातले आकडीकृमी, थॅलेसेमियाचा वाहक असणं, अशी कारणं आपल्याकडे भरपूर आहेत. ब-12 बाजरीत अजिबात नसतं, ते दूध, अंडी, मासे आणि मांस यांतूनच मिळतं. जेवण शाकाहारी असेल आणि दूधही बेताचंच असेल, तर कितीही भाकरी खाऊन ही बाजू भरून निघत नाही.

पुढे याच चाचणीतल्या 140 मुलांच्या बौद्धिक कसोट्यांचे निकाल 2018 मध्ये आले. धनशक्ती गटातल्या मुलांचं लक्ष आणि स्मरण यांच्या कसोट्यांमध्ये जास्त सुधारणा झाली होती, प्रतिसाद लवकर येत होता. हालचाल मोजणारं यंत्र लावून केलेल्या पाहणीत ही मुलं बसून राहण्यात कमी वेळ घालवताना दिसली. आमच्या मते शाळेच्या दृष्टीने फेरिटिनच्या आकड्यापेक्षा हीच गोष्ट मोठी आहे. पेंगणारं मूल आळशी नसून त्याचं लोह कमी असू शकतं, हे शिक्षकांपर्यंत पोचायला हवं.

ताटातला हिशेब

एका मुलाने दिवसाला 200 ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या असं धरू. 60-65 ग्रॅम पिठाची एक, म्हणजे दोन्ही वेळच्या मिळून तीन भाकऱ्या. 86 मिलिग्रॅमवाल्या बाजरीतून 17 मिलिग्रॅम लोह ताटात येतं. 21 ते 52 वाल्या बाजरीतून 4.2 ते 10.4. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2020ची शिफारस 13 ते 15 वयाच्या मुलग्यांना दिवसाला 22 आणि मुलींना 30 मिलिग्रॅम आहे. म्हणजे धनशक्तीच्या तीन भाकऱ्यांतून मुलग्याची तीन चतुर्थांशाहून जास्त आणि मुलीची निम्म्याहून जास्त शिफारस भरते. साध्या बाजरीतून मुलीला कमीत कमी सातवा हिस्सा आणि फार तर एक तृतीयांशाहून थोडं जास्त.

ताटातलं लोह आणि शरीरात गेलेलं लोह यांत पुन्हा अंतर आहे. आफ्रिकेतल्या बेनिन देशातल्या तरुणींवर केलेल्या समस्थानिकांच्या (खुणेचं लोह देऊन ते किती शोषलं जातं हे मोजणाऱ्या) अभ्यासात साध्या आणि जास्त लोहाच्या, दोन्ही बाजरींतून साधारण साडेसात टक्केच लोह शोषलं गेलं. टक्का तोच राहिला, पण मुळात लोह जास्त असल्याने शरीरात गेलेलं लोह दुप्पट झालं. कर्नाटकातल्या बेळगाव भागातल्या दोनेक वर्षांच्या मुलांवरच्या अभ्यासात दिवसाला शोषलेलं लोह 0.23 मिलिग्रॅमवरून 0.67 मिलिग्रॅमवर गेलं. जस्तही वाढलं.

हा साडेसात टक्क्यांचा बांध घालतं फायटेट. दाण्याने फॉस्फरस साठवण्यासाठी तयार केलेला हा पदार्थ लोह-जस्ताला घट्ट धरून ठेवतो. त्याच्या जोडीला बाजरीतले पॉलिफिनॉल. म्हणून वाण चांगला असला तरी स्वयंपाकघरात काय होतं, यावर बरंच अवलंबून असतं.

कुठे बिघडतं

पहिली गडबड होते दळणात. बाजरीत पाच टक्क्यांच्या वर स्निग्धांश असतो, ज्वारी-गव्हापेक्षा बराच जास्त. दाणा अखंड असतो तोवर तो सुरक्षित. दळला की अंकुराच्या भागातलं लायपेज हे विकर त्या तेलावर तुटून पडतं, मोकळी स्निग्धाम्लं तयार होतात आणि पीठ कडवट होतं. उन्हाळ्यात आठवड्याभरात जिभेला कळतं. वसतिगृहात महिन्याचं पीठ एकदम दळून ठेवलं की तिसऱ्या आठवड्यात मुलं भाकरी अर्धी टाकतात आणि आचारी म्हणतो, ‘पोरांना बाजरी आवडतच नाही.’ दोष बाजरीचा नसतो. जुन्या पिठाची विरीही जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, मग आचारी त्यात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळतो आणि ताटातलं लोह तिथेच घटतं.

उपाय दोन. दळण आठवड्याचंच करावं, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांचं. ते जमणार नसेल तर दाणे उकळत्या पाण्यात अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर बुडवून लगेच उपसावेत, थंड पाण्यातून काढावेत आणि कडकडीत वाळवून दळावेत. उष्णतेने विकर निकामी होतं आणि पीठ तीन-चार आठवडे टिकतं. वाळवण्यात हलगर्जी झाली तर बुरशी येते, म्हणून पावसाळ्यात या वाटेला जाऊ नये.

दुसरी गडबड चाळणीत. बाजरीचं लोह अंकुरात आणि बाहेरच्या थरांत बरंच असतं. बारीक चाळणीने कोंडा काढला की भाकरी गोरी दिसते, फायटेट थोडं घटतं, पण लोह आणि तंतूही कोंड्याबरोबर जातात. पॉलिश केलेल्या भरडीचंही तेच. पीठ बारीक दळावं आणि चाळायचंच झालं तर खडे-काड्या निघतील इतकंच.

तिसरी चहाची. भाकरीबरोबर किंवा जेवण होताच घेतलेला चहा लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. सकाळी चहात भाकरी कुस्करून खाणं ही कितीतरी घरांतली न्याहारी आहे. पोट भरतं, पण लोहाच्या दृष्टीने ती भाकरी जवळजवळ वाया जाते. चहा जेवणाआधी किंवा नंतर किमान एक तास लांब ठेवावा.

आणि एक, मोजमापातली. प्रयोगशाळेतून बाजरीत किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या वर लोह आल्याचा अहवाल आला की हुरळून जाऊ नये. खळ्यातली माती आणि गिरणीच्या पात्याचा कीस यांनीही आकडा फुगतो, आणि ते लोह शरीराला फारसं लागत नाही. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा नमुन्यात ॲल्युमिनियमही मोजतात. दाण्यात ते नगण्य असतं, मातीत भरपूर. तेही जास्त आलं तर समजावं की नमुना मळका आहे.

भाकरी आणि तिच्या शेजारी काय

पीठ एका-दोन भाकऱ्यांपुरतंच मळावं. 60 ग्रॅम पिठाला साधारण 50 मिलिलिटर कढत पाणी, थोडं थोडं घालत. बाजरीत ग्लुटेन नाही, गोळा धरून ठेवायचं काम गरम पाण्याने फुगलेला स्टार्च करतो. म्हणून तळहाताच्या टाचेने दोन-तीन मिनिटं रगडून मळल्याशिवाय परातीत थापताना ती तुटणारच. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला लगेच पाण्याचा हात फिरवावा, पाणी सुकू लागलं की उलटावी, दुसरी बाजू पूर्ण भाजून मग विस्तवावर फुगवावी. पाणी उशिरा फिरवलं तर वरचा थर आधीच वाळून चिरतो, वाफ निसटते आणि पापुद्रा सुटत नाही.

शोषण वाढवणारा सगळ्यात स्वस्त पदार्थ म्हणजे क जीवनसत्त्व, पण ते त्याच घासांबरोबर पोटात जायला हवं. सकाळी आवळा आणि दुपारी भाकरी याचा उपयोग नाही. जेवणात अर्धं लिंबू, कोबीची किंवा मोड आलेल्या मटकीची कच्ची कोशिंबीर, हंगामात अर्धा पेरू किंवा एक लहान आवळा. पेरूत 100 ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं, अर्धा पेरू पुरून उरतो. लिंबू उकळत्या आमटीत पिळू नये, ताटात पिळावं.

डाळ-उसळ हवीच. बाजरीत 100 ग्रॅमला 11 ग्रॅम प्रथिनं आहेत, पण लायसिन हे अमिनो आम्ल कमी आहे आणि ते मटकी, हरभरा, तुरीतून भरून निघतं. पिठलं-भाकरी ही जोडी म्हणूनच पक्की आहे. भोगीच्या दिवशीची तीळ लावलेली भाकरी आणि हरभरा, पावटा, वांगी, गाजर घातलेली लेकुरवाळी भाजी यांचंही तसंच. चुकतं इतकंच की आपण हे ताट भोगीपुरतं ठेवतो.

रात्रभर ताकात आंबवलेल्या पिठाची आंबील हा फायटेट कमी करण्याचा जुना आणि चांगला मार्ग. आंबण्याने आम्लता वाढते, दाण्यातलं फायटेज विकर जागं होतं. बाजरी बारा तास भिजवून मोड आणून वाळवून दळली तरी फायटेट घटतं. मात्र भिजवण्याच्या पाण्यात थोडं लोह उतरतं, म्हणून पाणी बेताचंच घ्यावं.

आयोडिनयुक्त मीठ सोडू नये. बाजरीतले काही फ्लेव्होन थायरॉइडच्या कामात अडथळा आणू शकतात, आणि आयोडिन कमी असलेल्या भागात फक्त बाजरीवर जगणाऱ्यांमध्ये ही अडचण जास्त. तसंच बाजरीकडून कॅल्शियमची अपेक्षा ठेवू नये. 100 ग्रॅमला जेमतेम 27 मिलिग्रॅम. नाचणीत 364 असतं, तेव्हा त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा नाचणीच.

शंभर मुलांच्या वसतिगृहाला किती लागेल

रोज माणशी 200 ग्रॅम म्हणजे दिवसाला 20 किलो, आठवड्याचं दळण 140 किलो, महिन्याला सहा क्विंटल. दहा महिन्यांच्या शाळेला 60 क्विंटल. हेक्टरी 22 क्विंटल उतारा धरला तर पावणेतीन हेक्टर, म्हणजे सातेक एकर. कोरडवाहूत उतारा निम्म्यावर आला तर चौदा. पाच-सहा शेतकऱ्यांशी आधीच करार करून हे सहज बसतं, आणि करार करायलाच हवा. बाजारातल्या पोत्यावर वाणाचं नाव नसतं, दुकानदाराच्या शब्दावर जास्त लोहाची बाजरी मिळत नाही.

बियाण्यात एक अडचण दर हंगामात डोकं वर काढते. धनशक्ती हा संकर नाही, त्यामुळे घरचं बी ठेवता येतं. पण बाजरीचं परागीभवन वाऱ्याने होतं. शेजारच्या शेतात कमी लोहाची संकरित बाजरी फुलली की तिचे पराग इकडे येतात आणि पुढच्या पिढीत लोह घसरतं. प्रमाणित बियाण्यासाठी 200 मीटरचं अंतर ठेवावं लागतं. तेवढी जागा नसेल तर बियाण्याची कणसं शेताच्या मधोमध, कडांपासून लांब निवडावीत आणि तीन वर्षांनी बी बदलावं. संकरित वाण हवा असेल तर फुले महाशक्ती (किलोमागे 87 मिलिग्रॅम लोह) किंवा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाचा एएचबी 1269 (91 मिलिग्रॅम) आहेत. त्यांचं बी दरवर्षी नवंच घ्यावं.

गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ पात्यांत राहतं. पहिलं दीड-दोन किलो पीठ बाजूला काढून जनावरांना द्यावं.

लहान बाळांचं काय

मुंबईतल्या वस्त्यांमधल्या 12 ते 18 महिन्यांच्या 223 बाळांना नऊ महिने जास्त लोह-जस्ताच्या बाजरीचे पदार्थ दिले गेले. 2022 मध्ये निकाल आले तेव्हा एकूण गटात लोहाच्या किंवा वाढीच्या मापांत ठळक फरक नव्हता. बेळगावच्या अभ्यासात लहानग्यांनी लोह शोषून घेतलं होतं, मग इथे काय झालं? आमचा अंदाज प्रमाणाकडे आणि आजारपणाकडे जातो. एवढंसं बाळ एका वेळी चार-सहा चमचे खातं, त्यात वारंवारचे जुलाब आणि ताप. अंगात दाह असला की हेप्सिडिन वाढतं आणि आतडं लोह अडवून धरतं. अंगणवाडीने या वयासाठी बाजरीची पेज जरूर द्यावी, पण लोहाच्या थेंबांच्या जागी नाही. रक्तक्षयाचं निदान झालेल्या किशोरीच्या गोळ्याही भाकरी सुरू झाली म्हणून थांबवू नयेत. गोळ्या कमतरता लवकर भरून काढतात, भाकरी ती पुन्हा होऊ नये म्हणून असते.

वसतिगृहात हा उपक्रम करायचा असेल तर सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन आणि सीआरपी (अंगातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) या दोन्ही तपासण्या कराव्यात. ताप-संसर्गात फेरिटिन खोटं वाढतं, सीआरपी सोबत असल्याशिवाय तो आकडा वाचता येत नाही. सर्दी-तापाच्या साथीत रक्त घेऊ नये. सुरुवातीलाच सगळ्यांना जंताची गोळी द्यावी, आणि रोज ताटात किती भाकरी उरली ते वजन करून वहीत लिहावं.